तात बदलली, हात बदलला का? रोमँटिक काळातलं तंतुवाद्य-संगीत जुन्या वाद्यांवर

सीडीच्या पाठीवर किंवा ॲपवर ‘पिरियड इन्स्ट्रुमेंट्स’ (रचनेच्या काळातली वाद्यं) असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्यातून खात्रीने कळतं ते एवढंच, की वाद्यांना स्टीलऐवजी तातीच्या तारा लावल्या आहेत. वाजवणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाची रीत उचलली की नाही, हे त्या दोन शब्दांवरून समजत नाही. शूबर्ट, मेंडेल्सन, शूमान, ब्राम्स या संगीतकारांचे क्वार्टेट, क्विंटेट, सेक्स्टेट (चार, पाच, सहा वाद्यांच्या रचना) जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवलेली जी ध्वनिमुद्रणं सोलापुरात घरबसल्या ऐकता येतात, त्यांतली काही इथे शेजारी-शेजारी ठेवली आहेत. ठेवताना वाद्यापेक्षा वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे जास्त लक्ष दिलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो; लार्किबुदेल्ली, इरोइका वगैरे नावं वादकगटांची. ब्राम्सच्या सेक्स्टेटसाठी लार्किबुदेल्ली. शूमानच्या क्वार्टेटसाठी इरोइका, बिनशर्त. शूबर्टच्या ‘रोझामुंडे’साठी मोझाइक, तर ‘डेथ अँड द मेडन’साठी कियारोस्कुरो, पण काही तक्रारींसह. मेंडेल्सनच्या ऑक्टेटबद्दल (आठ वाद्यांची रचना) आमच्यात अजून वाद मिटलेला नाही.

आता कारणं. तात म्हणजे मेंढीच्या आतड्याचा पीळ दिलेला दोरा. सारंगीच्या तीन मुख्य तारा तातीच्याच असतात. संगीत नाटकांच्या साथीला एके काळी सारंगी असे. तो आवाज कानात असलेल्या माणसाला ही मुद्रणं परकी वाटणार नाहीत, उलट स्टीलचं व्हायोलिनच काहीसं चकचकीत वाटेल. फरकाचं मूळ वजनात आहे. तातीची घनता घन सेंटिमीटरला साधारण १.३ ग्रॅम, पोलादाची ७.८. तेवढ्याच लांबीवर तोच सूर काढायचा तर तात बरीच जाड घ्यावी लागते. व्हायोलिनची सगळ्यांत वरची ‘ई’ तार पोलादी असेल तर जेमतेम पाव मिलिमीटर जाड असते, तातीची असेल तर ०.६ मिलिमीटरच्या आसपास. जाड, मऊ तारेत वरचे स्वरांश लवकर विरतात, म्हणून आवाज बसका आणि उबदार येतो. दुसरं म्हणजे गज लागल्या क्षणी आधी बारीकशी खरखर होते आणि मग सूर उभा राहतो. बोलताना व्यंजन आधी आणि स्वर मागून येतो, तसंच. स्टीलवर ते व्यंजन जवळजवळ पुसलं जातं. सहा-आठ वाद्यं एकदम वाजत असताना कोण कुठे सुरू झालं हे कळायला याच व्यंजनाचा उपयोग होतो, आणि तातीच्या मुद्रणाचा सगळ्यांत मोठा फायदा तोच आहे.

सगळ्यांत खालच्या ‘जी’ तारेवर धातूची तार गुंडाळलेली दिसली तर ती फसवणूक समजू नये. एकोणिसाव्या शतकातही ती तशीच असे. पोलादी ‘ई’ तार रुळली ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. ब्राम्स १८९७ साली गेला. त्याने ऐकलेलं व्हायोलिन तातीचं होतं.

गजाचं मात्र वेगळं आहे. आज वापरतात तो आत वळलेल्या कांडीचा गज पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्तने अठराव्या शतकाच्या शेवटी-शेवटी पक्का केला. म्हणजे शूमान किंवा ब्राम्ससाठी ‘बरोक गज’, म्हणजे त्याआधीच्या बरोक काळातला गज, वापरल्याची जाहिरात कुणी केली तर ती शाबासकीची गोष्ट नाही, चूक आहे. आम्ही निवडलेल्या मुद्रणांत ही गफलत नाही.

सुराच्या उंचीचं एक भान तुलना करताना ठेवावं लागतं. १८५९ मध्ये फ्रान्सने ‘ए’ हा स्वर = ४३५ हर्ट्झ असा सरकारी दंडक ठरवला, १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेनेही तोच धरला; ४४० वर आंतरराष्ट्रीय सहमती झाली ती १९३९ मध्ये. प्रत्यक्षात गावोगाव फरक होता आणि काही ठिकाणी सूर ४५० पर्यंत चढलेला होता. जुन्या वाद्यांची मंडळी बहुधा ४३० ते ४४० च्या दरम्यान कुठेतरी लावतात. ४३० आणि ४४० यांत सुमारे ४० सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर), म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्यापेक्षा थोडं कमी अंतर आहे. दोन मुद्रणं लागोपाठ लावली की उंच लावलेलं मुद्रण कानाला आपोआप ‘जास्त चांगलं’ वाटतं. मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप हर्ट्झमध्ये सरकवून आधी दोन्हींचा सूर तपासावा, आणि मध्ये पाच मिनिटं शांतता ठेवावी. नाहीतर तुलना वाजवण्याची न होता नुसत्या उंचीची होते.

आता डावा हात. तात लावली म्हणून वाजवणं जुनं होत नाही, याचा सगळ्यांत सोपा पुरावा यशा हायफेट्झ. त्याच्या व्हायोलिनवर ‘ए’ आणि ‘डी’ या दोन्ही तारा उघड्या तातीच्या असत, आणि तरी त्याचा सलग, दाट व्हायब्रेटो (बोट हलवून सुराला दिलेला कंप) विसाव्या शतकाची ओळख ठरला. उलट दिशेचा पुरावा योझेफ योआखिमचा. लहानपणी मेंडेल्सनच्या हाताखाली वाढलेला, पुढे ब्राम्सचा मित्र आणि सल्लागार झालेला हा वादक १९०३ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, पाच तबकड्या देऊन गेला. खरखर खूप आहे, पण तीन गोष्टी स्पष्ट ऐकू येतात: व्हायब्रेटो अरुंद आणि मोजक्या स्वरांवर, लय लवचीक, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना बोट सरकल्याचा उघड आवाज, म्हणजे पोर्टामेंटो. आपल्या कानाला ती घसीट किंवा मींड वाटेल. जवळची गोष्ट आहे, एक नव्हे. मींडेत मधले स्वर रागाच्या हिशेबाने येतात. पोर्टामेंटोत मधल्या स्वरांना किंमत नाही, दोन टोकं जोडली गेली की काम झालं.

जर्मन व्हायोलिनवादक लुडविग श्पोरने १८३२ च्या आपल्या व्हायोलिनशिक्षणाच्या ग्रंथात व्हायब्रेटोचे चार प्रकार सांगितले आहेत: जलद, संथ, संथ सुरू होऊन वाढणारा, आणि जलद सुरू होऊन मंदावणारा. तो कुठे घ्यायचा तेही खुणांनी दाखवलं आहे. म्हणजे व्हायब्रेटो तेव्हा दागिना होता, अंगभर कपडा नव्हता. पण दागिना अजिबातच घालायचा नाही, असंही कुणी म्हटलं नव्हतं. पोर्टामेंटोबद्दल श्पोरचा दंडक असा, की निघणारं बोट सरकत न्यावं आणि पोचण्याच्या स्वरावर नवं बोट पडावं. ऐकताना हे ओळखता येतं. सरक आधी येऊन वरचा स्वर टपकन लागला तर जुनी रीत. सरक वरच्या स्वरातच मिसळली तर पोचणारं बोट सरकलं आहे. ती विसाव्या शतकाची लकब.

या कसोटीला लावलं की बऱ्याच ‘पिरियड’ मुद्रणांची पंचाईत होते. व्हायब्रेटो काढून टाकणं त्यांना जमलं, कारण ती सवय बरोक संगीताच्या चळवळीतून तयार मिळाली होती. पोर्टामेंटो घालणं जमलं नाही, कारण आजच्या शिक्षणात तो गलथानपणा समजला जातो. म्हणून विचित्र परिस्थिती अशी, की बुश क्वार्टेटचं १९३६ चं ‘डेथ अँड द मेडन’, ज्यावर ‘पिरियड’ हा शब्द कुणी लिहिला नाही, ते या एका बाबतीत एकोणिसाव्या शतकाला आजच्या कितीतरी मुद्रणांपेक्षा जवळचं आहे.

लार्किबुदेल्ली या नावातच इटालियन ‘आर्को’ म्हणजे गज आणि ‘बुदेल्ला’ म्हणजे आतडी बसली आहे. व्हायोलिनवर वेरा बेथ्स, व्हायोलावर (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) युर्गन कुसमाउल, चेलोवर (त्याहून मोठं आणि खालचं) आनर बाइल्स्मा हा त्यांचा गाभा. गरजेप्रमाणे माणसं वाढत. सोनीच्या विवार्ते मालिकेसाठी १९९० च्या दशकात त्यांनी केलेली ब्राम्सची दोन सेक्स्टेट (ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, १८ आणि ३६) ही या सगळ्या यादीतली पहिली ऐकण्याची गोष्ट. दोन व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो: सहांपैकी चार वाद्यं मधल्या-खालच्या पट्ट्यातली. आधुनिक तारांवर हा पट्टा साखरेच्या पाकासारखा दाटतो. ब्राम्स ‘जड’ आहे ही जी तक्रार वर्षानुवर्षं चालली आहे, तिचा निम्मा दोष त्या पाकाचा. तातीवर मधले धागे सुटे होतात. सोलापुरी चादर उलटी करून पाहिली की नक्षी कुठल्या धाग्याने विणली ते दिसतं, तसं.

तपासायच्या जागा दोन. ओपस ३६ च्या सुरुवातीला पहिली व्हायोला ‘जी’ आणि त्याखालचा ‘एफ शार्प’ यांत अखंड झुलत राहते आणि त्यावर व्हायोलिन पाचव्या स्वरांच्या उड्या घेतं. आधुनिक वादनात हा झुला बहुधा मागे ढकलून धूसर केला जातो. इथे प्रत्येक हेलकाव्याला गजाचा दाणा आहे, त्यामुळे तो पार्श्वभूमी न राहता भूमिकाच होतो. अर्ध्या स्वराची ती अस्वस्थता पुढच्या सगळ्या भागावर पसरते. दुसरी जागा ओपस १८ चा दुसरा भाग, डी मायनरमधली व्हेरिएशन, म्हणजे एकाच विषयाची बदलती रूपं. विषय आधी व्हायोला मांडते. तिसऱ्या व्हेरिएशनमध्ये चेलो वर-खाली धावते स्वरसमूह फेकतात, आणि स्टीलवर तिथे बहुतेक वेळा नुसती गडगड ऐकू येते. बाइल्स्मा आणि त्याच्या जोडीदाराच्या हातात ते स्वर मोजता येतात. चाल कुठेही रेंगाळत नाही.

उणीव सांगायची तर पोर्टामेंटो आहे, पण हात राखून. मोठ्या उड्यांवर क्वचित सरक येते, बाकी जागा स्वच्छ. योआखिमच्या तबकड्यांशेजारी ठेवलं तर हे वाजवणं सभ्य वाटतं. ब्राम्सला ती सभ्यता परवडते, असं आमचं मत. ज्याला भरघोस, सिनेमाच्या पडद्याएवढा ब्राम्स हवा आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

याच मंडळींचं शूबर्टचं सी मेजर क्विंटेट (डी ९५६) चांगलं आहे, अतुलनीय नाही. सप्टेंबर १८२८ मध्ये लिहिलेलं, नोव्हेंबरात शूबर्ट गेला, आणि पहिलं जाहीर वादन थेट १८५० मध्ये. दोन चेलोंची ही रचना तातीवर ऐकायला सगळ्यांत जास्त कारण आहे ते दुसऱ्या भागासाठी. मधली तीन वाद्यं लांबच लांब स्वर धरतात, पहिलं व्हायोलिन तुटक बोलतं, दुसरा चेलो खालून तार छेडतो. इथे एका मात्राखंडाला दहा सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ तातीवर सूर सरळ धरणं हे गजाची परीक्षा घेणारं काम आहे; गज पलटला की ते कळतं. लार्किबुदेल्ली ते लपवत नाहीत. आम्हाला त्यातला श्वास आवडतो, काहींना तो दोष वाटेल. फक्त मधला एफ मायनरचा उद्रेक जितका फाटायला हवा तितका फाटत नाही. याच्या अगदी उलट टोक ऐकायचं तर फ्रान्समधल्या प्राद इथलं १९५२ चं स्टर्न, श्नायडर, केटिम्स, कासाल्स, तोर्तलिए यांचं मुद्रण लावा. तिथे व्हायब्रेटो सर्वत्र आहे आणि उद्रेक असा, की नंतर बराच वेळ दुसरं काही ऐकवत नाही.

सोलापुरात हे ऐकायचं कसं, हा प्रश्न इथेच उरकतो, कारण त्या दुसऱ्या चेलोचा त्याच्याशी संबंध आहे. चेलोची सगळ्यांत खालची तार ६५ हर्ट्झची. मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर शंभर हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. म्हणजे त्या छेडलेल्या खालच्या स्वरांचा पाया नाहीसा होतो आणि उरते नुसती टकटक. कान झाकणारा, तारेचा साधा हेडफोन याहून बरा. ॲपमधला बेस बूस्ट, इक्वलायझर, व्हॉल्यूम सारखा करणारा पर्याय आणि दोन ट्रॅक एकमेकांत मिसळणारा क्रॉसफेड, चारही बंद करावेत. व्हॉल्यूम सारखा करण्याने एका संगीतकाराचं हळू आणि दुसऱ्याचं हळू एकाच पातळीवर येतं, मग तुलनेला अर्थ राहत नाही.

डेटाचा हिशेब असा: २५६ केबीपीएसने तासाला सुमारे ११५ एमबी, लॉसलेसने साधारण ३०० एमबी. तातीची खरखर हा वरच्या पट्ट्यातला बारीक तपशील आहे, तो फार दाबलेल्या फाइलमध्ये भुसा होतो. १२८ च्या खाली ऐकून मत बनवू नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या वर असताना पंखा बंद करा म्हणणं क्रूरपणाचं आहे, पण पंख्याची घरघर नेमकी मंद आवाजाच्या जागा खाते. पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ त्यातल्या त्यात बरी. पूर्व भागात यंत्रमागांची खटखट असेल तिथे तीही नाही. मग रात्री उशिरा. नळाला पाणी सुटण्याच्या दिवशी गल्लीतल्या मोटारी सुरू असताना क्वार्टेट लावू नये, सिंफनी लावावी.

गावात या प्रकारच्या सीडी मिळण्याची आशा नको. परदेशातून एखादी मागवली तर पोस्टेज जोडल्यावर सहसा परवडत नाही. स्ट्रीमिंग किंवा विकतचं डाउनलोड हाच मार्ग. ॲपवर शोधताना संगीतकार, ओपस क्रमांक आणि वाद्यवृंदाचं नाव हे तिन्ही रोमन लिपीत एकत्र टाका. विवार्तेची मुद्रणं पुढे सोनीने वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी काढली आहेत, त्यामुळे चित्रावर विसंबू नका. पुस्तिका बहुतेक वेळा मिळत नाही. मग तारा, गज, सुराची उंची हे सगळं कानानेच ठरवावं लागतं.

इरोइका क्वार्टेट: पीटर हॅन्सन, लूसी हॉवर्ड, गुस्ताव क्लार्कसन, डेव्हिड वॉटकिन. हार्मोनिया मुंडी या कंपनीसाठी त्यांनी शूमानचे तिन्ही क्वार्टेट (ओपस ४१) आणि मेंडेल्सनचे क्वार्टेट मुद्रित केले. आमच्या मुख्य प्रश्नाला ‘हो, हातही बदलला’ असं सरळ उत्तर देणारी हीच मंडळी. पोर्टामेंटो घाबरत-घाबरत नाही, वाक्यरचनेचा भाग म्हणून येतो, व्हायब्रेटो दागिन्यासारखा. पहिल्यांदा ऐकताना दहा मिनिटं हसू येतं. नंतर तेच नैसर्गिक वाटायला लागतं आणि इतरांचे स्वर एकमेकांपासून तुटल्यासारखे वाटतात.

शूमानने हे तिन्ही क्वार्टेट १८४२ च्या जून-जुलैत लिहिले आणि मेंडेल्सनला अर्पण केले. तिसऱ्याची, ए मेजरची, सुरुवात पाहा. पहिलं व्हायोलिन ‘एफ शार्प’वरून खाली ‘बी’वर उतरतं, उसाशासारखं. या दोन स्वरांसाठी वादकापुढे दोन वाटा असतात. ‘एफ शार्प’ वरच्या ‘ई’ तारेवर पहिल्या बोटाने घेऊन तेच बोट शेजारच्या ‘ए’ तारेवर ठेवलं की ‘बी’ मिळतो. हात हलत नाही, सरक नाही, सोपं आणि स्वच्छ. किंवा ‘एफ शार्प’च ‘ए’ तारेवर, हात वर नेऊन, तिसऱ्या बोटाने घ्यायचा आणि त्याच तारेवरून खाली ‘बी’पर्यंत यायचं. आवाजाचा पोत एकच राहतो आणि उसासा खरोखर निघतो. कोणत्याही मुद्रणात पहिल्या पाच सेकंदांत या जागी कान लावा. वाजवणाऱ्यांनी कुठली वाट धरली त्यावरून पुढच्या अर्ध्या तासाचा अंदाज येतो. ‘ए’ तार तातीची असेल तर तिथला ‘एफ शार्प’ किंचित झाकलेला, घोगरा लागतो. तो तसाच लागायला हवा.

दोष? जलद भागांत इरोइका कधी-कधी ओबडधोबड होतात. वरच्या तारेवर दोन-चार जागी सूर काठावर आहे. तात वाजवता-वाजवताच उतरते-चढते, हवेतला ओलावा आणि बोटांचा घाम दोन्ही तिला हलवतात. स्टुडिओत तुकडे जोडून हे झाकता येतं. इथे झाकण्याचा अट्टहास दिसत नाही.

मेंडेल्सनच्या ऑक्टेटवरचा वाद असा. १८२५ च्या शरद ऋतूत सोळा वर्षांच्या मेंडेल्सनने हे आठ वाद्यांचं काम आपला व्हायोलिनशिक्षक एडुआर्ड रीट्झच्या वाढदिवसासाठी लिहिलं. नंतर बरंच कापून-बदलून १८३३ मध्ये छापलं. आपण ऐकतो ते छापील. मूळ हस्तलिखित वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, आणि इरोइका क्वार्टेटने जोडीला आणखी वादक घेऊन रेझोनस या कंपनीसाठी वाजवलं ते हेच १८२५ चं रूप. दुसरीकडे लार्किबुदेल्ली आणि स्मिथसोनियन चेंबर प्लेयर्स यांनी विवार्तेसाठी छापील रूप वाजवलं, जोडीला डॅनिश संगीतकार निल्स गाडेचं ऑक्टेट.

एका बाजूचं म्हणणं: मेंडेल्सनने जे कापलं ते कापण्यासारखंच होतं, सोळा वर्षांच्या पोराचा पसारा. लार्किबुदेल्लीचं मुद्रण नेटकं आहे, आठही आवाज वेगळे येतात. संगीतकाराने छापील प्रतीत बजावलं आहे, की सर्वांनी हे सिंफनीच्या ढंगाने वाजवावं आणि हळू-मोठ्या आवाजाच्या खुणा काटेकोर पाळाव्यात. इथे त्या पाळल्या आहेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं: नेटकेपणा पुरे झाला. पहिल्या भागात व्हायोलिन खालच्या ‘जी’ तारेपासून सुरू करून भराभर वर चढत जातं, तिथे चढणाऱ्याला धाप लागली पाहिजे, आणि ती इरोइकांना लागते. स्केर्झो (चपळ, खेळकर भाग), ज्यामागे गटेच्या ‘फाउस्ट’मधल्या ओळी होत्या, तो दोन्हींत सारखाच पिसासारखा. शेवटचा प्रेस्टो मात्र निर्णायक ठरावा. दुसरा चेलो अगदी तळातून फ्यूगचा (एकच विषय एकामागून एक आवाज उचलतात अशी रचना) विषय एकटा सुरू करतो, इतक्या खालच्या पट्टीत इतके जलद स्वर, की स्टीलवर तिथे बहुधा चिखल होतो. तातीवर दोन्ही मुद्रणांत प्रत्येक स्वराला कड आहे. बाइल्स्माच्या बाजूला थोडी जास्त. ज्याला एकच ठेवायचं आहे त्याने विवार्ते ठेवावं. ऑक्टेट पाठ असलेल्याने १८२५ चं ऐकावं. ओळखीच्या रस्त्यावर अनोळखी गल्ल्या लागत राहतात. गाडेचं ऑक्टेट एकदा ऐकून सोडलं तरी चालेल.

मेंडेल्सनच्या क्वार्टेटसाठी आता कॉन्सोन क्वार्टेटची लिन या कंपनीची मुद्रणंही आहेत. ती इरोइकापेक्षा गुळगुळीत, सुराला पक्की, आणि पोर्टामेंटो त्यांना वर्ज्य नाही. नव्याने ऐकू लागलेल्याला इथून सुरुवात सोपी जाईल.

मोझाइक क्वार्टेट (एरिख होबार्ट, आंद्रेआ बिशोफ, आनिता मिटरर, क्रिस्तोफ क्वां) मुळात हायडन-मोझार्टचे. शूबर्टचा ए मायनर ‘रोझामुंडे’ त्यांच्या हातात शोभतो, कारण त्याचा एक पाय अजून त्या जुन्या घरात आहे. सुरुवातीला दुसरं व्हायोलिन सतत वाहतं, खाली व्हायोला आणि चेलो एक लांब स्वर धरून मात्राखंडाच्या शेवटी चार बारीक ठोके देतात. त्या चार ठोक्यांवर सगळा भाग उभा आहे. मोझाइक ते इतके हळू आणि तरी इतके सुटे वाजवतात, की दार न वाजवता कुणी उंबऱ्यात उभं आहे असं वाटतं. व्हायब्रेटो अगदी थोडा, पोर्टामेंटो जवळपास नाही. १८२४ च्या व्हिएन्नासाठी एवढा संयम बसतो की नाही यावर वाद घालता येईल. ऐकताना मात्र घालावासा वाटत नाही.

कियारोस्कुरो (अलिना इब्रागिमोवा, पाब्लो एर्नान बेनेदी, एमिली होर्नलुंड, क्लेर तिरियों) यांचं बीआयएस या कंपनीचं ‘डेथ अँड द मेडन’ २०१८ चं. नावाचा अर्थच उजेड-सावली. सुरुवातीचा डी मायनरचा प्रहार कोरडा, लाकडावर लाकूड आपटावं तसा, आणि लगेच पुढची कुजबुज जवळजवळ ऐकू न येणारी. या कुजबुजीसाठीच वर पंख्याबद्दल लिहिलं. दुसऱ्या भागात, शूबर्टच्या १८१७ च्या गाण्यावरची व्हेरिएशन सुरू होतात तिथे, चारही वाद्यं व्हायब्रेटोशिवाय एकच हार्मोनियम झाल्यासारखी वाजतात. अप्रतिम. पण हाच गुण पुढे खुपू लागतो. पहिलं व्हायोलिन गाऊ लागतं त्या जागीही स्वर कोरा राहतो, सरक नाही, थरथर नाही. श्पोरचे चारही प्रकार शूबर्टच्या पिढीला ठाऊक होते. एकही न वापरणं ही आपल्या काळाची आवड झाली, शूबर्टच्या नव्हे. म्हणून शेजारी बुशचं १९३६ चं ठेवा. एकात तात खरी, दुसऱ्यात हात खरा.

पियानो असलेल्या रचना या लेखात घेतल्या नाहीत, पण शूमानच्या ट्रिओसाठी फाउस्ट, केराज आणि मेल्निकोव यांची हार्मोनिया मुंडीची मालिका सोडू नये. जुन्या पियानोचा खालचा पट्टा पातळ असल्याने चेलोला ओरडावं लागत नाही.

शेवटी एक आडवाटेचं: लार्किबुदेल्लीचं ब्रुकनरचं एफ मेजर क्विंटेट, पुन्हा विवार्तेच. याचा संथ भाग जी फ्लॅट मेजरमध्ये आहे. या पट्टीत व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांची एकही मोकळी तार बसत नाही. शूबर्टच्या सी मेजरमध्ये ‘सी’ आणि ‘जी’च्या मोकळ्या तारा न छेडता आपोआप गुंजतात, सारंगीच्या तरफांसारख्या, इथे ती गुंज पूर्ण बंद. तातीवर हा फरक इतका उघड कळतो, की पहिल्या भागातून थेट संथ भागावर गेलात तर खोली बदलल्यासारखी वाटते. व्हिएन्नाचा व्हायोलिनवादक योझेफ हेल्मेसबर्गर याला यातला स्केर्झो फार अवघड वाटला, म्हणून ब्रुकनरने बदली म्हणून एक इंटरमेझो लिहिला. मुद्रणात दोन्ही आहेत. प्लेलिस्ट बनवून दुसऱ्या क्रमांकावर एकदा स्केर्झो आणि एकदा इंटरमेझो लावून पाहावं. हेल्मेसबर्गर घाबरला ते बरोबर होतं, आणि स्केर्झोच ठेवावा.